भिंतीतली वायर, भिंत न फोडता

मागच्या अंकात जुन्या वायरिंगवर लिहिलं होतं. त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: वायर बदलायची आहे, नवी टाकायची आहे, पण भिंत फोडायची नाही. हे काम मी सांगलीत वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आता माझ्या हाताखाली मुलं शिकतात. ज्या भिंतींत झिरी (पाईप बसवायला खोदलेली लांब खाच) मारली जाते, त्यांतल्या कितीतरी भिंती शाबूत राहू शकल्या असत्या, हे मी रोज बघते. आधी वाट शोधायला अर्धा दिवस दिला तर पुढचा सिमेंट-पुट्टी-रंगाचा आठवडा वाचतो.

उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक सूचना. पाईपमध्ये काहीही सारण्यापूर्वी मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टरवरची लाईन चालूच असते, आणि एकाच पाईपमधून दोन्ही वायरी गेलेल्या घरांची सांगलीत वाण नाही. बंद केल्यावर टेस्टर लावून बघा. तो टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून, तो नीट पेटतो ना, याची खात्री करून घ्या.

विश्रामबाग, सांगली येथील वाचक: *ताई, बेडरूममध्ये एसीसाठी वेगळी लाईन हवी आहे. डीबीपासून (घरातल्या मेन बोर्डापासून) पाईप आहे, पण वायर ओढायची स्प्रिंग साधारण दहा फुटांवर अडते. वायरमन म्हणतो झिरी मारावी लागेल. दुसरा उपाय आहे का?*

आहे, आणि छन्नी उचलण्याआधी तो करून बघायलाच हवा. स्प्रिंग अडली की बॉक्सच्या कडेशी तिच्यावर चिकटपट्टीची खूण करा. मग ती बाहेर काढून, पाईप ज्या वाटेने गेला असेल त्या वाटेने भिंतीवर धरा. टोक जिथे येईल तिथे पेन्सिलीने खूण करा. आता हेच एसीच्या पॉइंटकडून करा. दोन्ही खुणा जवळजवळ एकाच जागी आल्या तर तिथे खरा अडथळा आहे: स्लॅब टाकताना आत गेलेलं सिमेंटचं पाणी, दबलेला पाईप, किंवा पडद्याच्या रॉडसाठी ठोकलेला स्क्रू. त्या भिंतीवर काही टांगलेलं असेल तर आधी तो स्क्रू काढून बघा. स्क्रू निघाल्याबरोबर स्प्रिंग सरळ पुढे जाते, असं पुष्कळदा होतं.

दोन खुणांमध्ये तीन-चार फुटांचं अंतर राहिलं तर तुमची शंका बॉक्सवर जायला हवी. रंगकाम करताना जंक्शन बॉक्सच्या झाकणावरून पुट्टी फिरवली जाते आणि दोन रंग झाले की तो बॉक्स घरातल्या कुणाच्या लक्षातही राहत नाही. स्प्रिंग त्याच बॉक्सच्या पोटात जाऊन गोल फिरत बसते. तेवढ्या पट्ट्यात बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज आला की पुट्टीचा पातळ थर खरवडा. झाकण सापडलं तर तुमचं काम झालंच म्हणून समजा.

आता स्प्रिंगबद्दल. दुकानात नुसती ‘स्प्रिंग’ मागाल तर पीव्हीसी पाईप वाकवताना आत घालायची स्प्रिंगही हातात पडू शकते, म्हणून वायर ओढायची स्प्रिंग असं स्पष्ट सांगा. ती नायलॉनची असते, पुढच्या टोकाला लवचिक गुंडाळी आणि मागच्या टोकाला नाकं. वळणांच्या पाईपला हीच बरी. दुसरी पोलादी चपटी पट्टी, चकरीत गुंडाळलेली. लांब आणि सरळ पाईपमध्ये तिचा ताठपणा कामाला येतो, पण ती वीज वाहून नेते आणि शेजारच्या जुन्या वायरचं इन्सुलेशन खरवडते. पाईपमध्ये आधीच वायरी असतील तर पोलादी पट्टी घालायला मी मुलांना मनाई केली आहे.

स्प्रिंग अडली म्हणून जोर लावू नका. वीतभर मागे घ्या, मनगटातून अर्धा फेरा फिरवा, पुन्हा हलकेच पुढे सारा. तरी जात नसेल तर व्हॅक्यूम क्लीनर आणा. पातळ प्लास्टिक पिशवीचा सुपारीएवढा बोळा करा, त्याला शिवणाचा मजबूत धागा बांधा आणि पाईपच्या तोंडात ठेवा. दुसऱ्या तोंडाला क्लीनरची नळी लावून कडेने कापड दाबून धरा. वाट मोकळी असेल तर बोळा धाग्यासकट पलीकडे येतो. मग धाग्याने नायलॉनची दोरी ओढायची आणि दोरीने वायर. हवाच जात नसेल, तर मात्र पाईप खरोखर बंद आहे. तेव्हाही झिरी पूर्ण लांबीला लागत नाही. खुणेच्या जागी वीतभर उघडायचं, तेवढा तुकडा बदलायचा आणि तिथे झाकणाचा बॉक्स ठेवायचा.

पाईपमध्ये एखादी निकामी जुनी वायर असेल तर तिलाच दोरी बांधून ओढता येतं. आधी ती दोन्ही टोकांना धरून पुढे-मागे हलते का बघा. हलत नसेल तर ओढू नका. मध्ये जोड असला तर तो आतच तुटेल आणि असलेली वाटही जाईल.

वायर बांधण्याची पद्धत अशी: टोकाकडचं चार-पाच इंच इन्सुलेशन काढा, तांब्याच्या तारा स्प्रिंगच्या नाक्यातून घालून मागे दुमडा आणि स्वतःभोवती पिळा. तीन वायरी असतील तर तिन्हींची टोकं मागे-पुढे ठेवा, म्हणजे एकाच जागी गाठ जाड होत नाही. वरून टेप गुळगुळीत गुंडाळा, पुढे निमुळती. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने पीव्हीसीचं इन्सुलेशन खराब होतं. कोरडी शंखजिऱ्याची पावडर पुरते. ज्या टोकाजवळ वळणं जास्त, तिकडून वायर सोडा आणि सरळ टोकाकडून ओढा. वायरवर जेवढा ताण आधीच आलेला असतो तेवढा वळणावर आणखी वाढतो, म्हणून ताण कमी असतानाच वळणं पार पडलेली बरी. एक माणूस सोडायला, एक ओढायला, आणि दोघांनी एकमेकांना मोठ्याने सांगत राहायचं.

एसीच्या लाईनला साधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घालतात: फेज, न्यूट्रल आणि अर्थ. पाईपच्या आतल्या जागेपैकी ४० टक्क्यांहून जास्त जागा वायरींनी व्यापू नये, हे धोरण ठेवा. जागा उरली पाहिजे, कारण दाटीत वायरी तापतात आणि पुढे एकही बदलता येत नाही. आणि वायर ओढताना तिच्याबरोबर नायलॉनची एक रिकामी दोरी ओढून तिथेच ठेवा. पाच वर्षांनी जो कुणी येईल त्याला ती सापडेल.

तासगावचा तरुण वाचक: *परदेशी व्हिडिओंमध्ये चार-साडेचार फुटांचं वाकणारं ड्रिल बिट आणि भिंतीच्या बाहेरून चुंबकाने वायर ओढायचं साधन दाखवतात. मागवू का? घरच्या कामापुरती कोणती साधनं घ्यावीत?*

आपल्या विटांच्या भिंतीसाठी मागवू नका. अमेरिकेत घराच्या आतल्या भिंती बहुतेक पोकळ असतात: साधारण सोळा-सोळा इंचांवर लाकडी उभे दांडके आणि दोन्ही बाजूंना अर्धा इंच जाडीचा जिप्समचा पत्रा. त्या पोकळीत वाकतं बिट घालून आडव्या लाकडाला भोक पाडता येतं, चुंबक पत्र्याच्या पलीकडून साखळी ओढू शकतो. आपली भिंत नऊ इंची, भरीव, दोन्हीकडून गिलावा. वाकतं बिट विटेत शिरणार नाही आणि चुंबकाची ओढ तेवढ्या जाडीतून पोचणार नाही.

पण तुमच्याकडे फॉल्स सिलिंग किंवा जिप्समचं पार्टिशन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फायबरच्या काठ्या फार उपयोगी. मीटर-मीटरचे तुकडे एकमेकांत पिळून जोडायचे, पुढे आकडा किंवा चुंबक लावायचा. लाईटच्या भोकातून काठी सारली की पुढच्या भोकापर्यंत जाते. वायर मात्र सिलिंगच्या पत्र्यावर मोकळी टाकू नका आणि सिलिंग ज्या तारांवर टांगलंय त्यांना बांधू नका. लवचिक पाईपमधून न्या आणि तो पाईप वरच्या स्लॅबला क्लिपने धरा. नंतर जिप्समचा माणूस स्क्रू मारेल तेव्हा तो वायरीत जाणार नाही.

घरासाठी म्हणाल तर वीसेक मीटरची नायलॉनची स्प्रिंग, बिनस्पर्शाचा टेस्टर आणि त्याच्या जोडीला साधा टेस्टर, पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी, चांगला टेप. मोबाईलला जोडायचा नळीचा कॅमेराही आता आवाक्यात आला आहे, बॉक्सच्या आत डोकावायला तो छान. हॅमर ड्रिल शेजाऱ्याकडून आणा किंवा भाड्याने घ्या. भोक पाडताना चष्मा आणि नाका-तोंडावर घट्ट बसणारा मास्क लावा. विटेची आणि काँक्रीटची बारीक धूळ फुफ्फुसात बसते आणि ती परत निघत नाही. माझ्या मुलांना मी मास्कशिवाय ड्रिलला हात लावू देत नाही.

मिरज येथील वाचक: *इंटरनेटची कॅट-६ केबल विजेच्याच पाईपमधून नेली तर चालेल का?*

नको. इन्सुलेशन खराब झालं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या राउटरवर, आणि केबल हातात धरणाऱ्या माणसावर येतील. शिवाय शेजारच्या वायरीचा उपद्रव सिग्नलला होतो. वेगळा पाईप घ्या. तो शक्य नसेल तर छताच्या कडेने छोटी केसिंग पट्टी, म्हणजे वायर झाकणारी पोकळ पट्टी लावा. विजेची वायर ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडा. ओढताना हात हलका ठेवा: या केबलला साधारण ११ किलोपेक्षा जास्त ओढ सोसत नाही, जास्त ताणली की आतल्या जोड्यांचा पीळ बिघडतो. भिंतीतली लांबी ९० मीटरच्या आत राहू द्या, घरात तेवढी लागतही नाही. दुकानदाराला शुद्ध तांब्याची केबल मागा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त पडते, पण ती घेऊ नका.

सातारा, शनिवार पेठेतील वाचक: *आजोबांचा वाडा आहे. खाली दगडी भिंती, वर विटा-मातीच्या, छताला कडीपाट आणि काही खोल्यांना तक्तपोशी, म्हणजे छताखाली ठोकलेल्या फळ्या. लाकडी पट्ट्यांवरची जुनी वायरिंग आहे, कापडी वेष्टनाची. पंखे, गीझर लावायचे आहेत, पण भिंतीला हात लावायचा नाही, अशी आईची अट आहे. काय करता येईल?*

आईंचं ऐका. अशा भिंतीत दोन्हीकडे दगड आणि मध्ये माती-चिपा असतात. लांब बिट घालून आरपार भोक पाडायला गेलं की बाहेरचा काळा दगड बिट खातो, आणि आत पोचलं की माती ढासळून बिट अडकतं. झिरीचं तर नावच नको. वजन पेलणाऱ्या भिंतीत आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल आणि उभी एक तृतीयांशापेक्षा खोल मारू नये, असं आपल्या विटकामाच्या भारतीय मानकात सांगितलं आहे, आणि आडवी शक्यतो टाळाच असंही. ते विटांच्या भिंतीचं. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला तर मी उभी झिरीही मारू देणार नाही.

वाड्यात वाट लाकडातून आणि लाकडावरून काढायची. आधी एक दिवस नुसतं घर बघा. दरवाजाच्या चौकटीच्या वर, कोनाड्याच्या मागे, तुळई भिंतीत टेकते त्या खाचेच्या बाजूला, जुन्या धुराड्याच्या ठिकाणी कुठेतरी पोकळी मिळतेच. पूर्वीच्या वायरमननेही तीच शोधलेली असते, म्हणून जुन्या वायरी काढायच्या आधी त्यांचा माग काढून कागदावर उतरवा. तक्तपोशी आणि वरच्या फळ्या यांच्यामधली जागा ही तुमची मोठी सोय. एका कडेची एखादी फळी खिळे काढून अलगद सोडवा, नळीचा कॅमेरा आत घाला, मग फायबरच्या काठ्या सारा. कॅमेऱ्यात उंदरांची बिळं दिसतील, त्याची तयारी ठेवा. उंदीर हेच तिथलं मोठं संकट आहे, म्हणून त्या पोकळीतून उघडी वायर किंवा साधा पातळ पीव्हीसी पाईप नेऊ नका. लोखंडी कंड्यूट (वायरीचा ताठ पाईप) किंवा लोखंडी लवचिक पाईप वापरा आणि त्याला अर्थिंग जोडा.

तुळईला भोक पाडायची वेळ आली तर ते तुळईच्या उंचीच्या मधोमध आणि वायरीपुरतं बारीक असू द्या. खालच्या कडेला खाच मारू नका. छताचं ओझं आल्यावर तुळईची खालची बाजू ताणली जाते, तिथला एक कापही तिला महागात पडतो. त्याहून बरं म्हणजे तुळईच्या अंगाने, वरच्या कोपऱ्यातून लाकडी किंवा पीव्हीसी केसिंग न्यायची आणि लाकडाच्या रंगाने रंगवायची. चांगल्या हाताने बसवलेली केसिंग त्या घरात परकी वाटत नाही. साताऱ्याचा पावसाळा लक्षात घ्या: मातीच्या गिलाव्यात वायर थेट पुरू नका, भिंत ओल धरते.

कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी दोरी म्हणूनही ओढू नका. आतला रबर वाळून ठिसूळ झालेला असतो, हलवली की इन्सुलेशन झडतं आणि उघडी तार राहते. मीटरपासून पुरवठा तोडून घ्या, मगच त्या काढा. अशा वायरिंगला बहुतेक ठिकाणी अर्थही नसतो. तुमच्या घराला नवा अर्थिंगचा खड्डा, नवी डीबी आणि ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लागेल. गीझरचं पाणी, ओली भिंत आणि जुनं घर हे तिन्ही एकत्र आलेत. अर्थिंगच्या आधी गीझर लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या.

गावभाग, सांगली येथील वाचक: *पुराचं पाणी घरात आलं तेव्हापासून खालच्या सॉकेटच्या लाईनवर एमसीबी-आरसीसीबी अधूनमधून पडते. नवी वायर टाकायला गेलो तर जुनी निघत नाही. आता फरशीच फोडायची का?*

२००५, २०१९, २०२१ अशा तीन पुरांचं पाणी ज्यांनी घरात बघितलं, त्यांना कृष्णेचा गाळ काय असतो हे सांगायला नको. पाण्याबरोबर तो पाईपमध्ये शिरतो, फरशीखालून गेलेल्या भागात बसतो आणि वाळला की वायरीला घट्ट धरतो. शिवाय बुडालेल्या सॉकेटमधून तारांच्या बारीक पिळातून पाणी इन्सुलेशनच्या आत चढतं. बाहेरून वायर कोरडी ठणठणीत दिसते आणि आत तांबं काळं पडलेलं असतं. आरसीसीबी पडते ती तुम्हाला तेच सांगते आहे. तिला बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर त्या माणसाला घरात घेऊ नका.

आधी तपासणी. प्रत्येक लाईन वेगळी सोडवून, उपकरणं काढून, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) बघायची. वायर आणि अर्थ यांच्यामधला रोध १ मेगओहमपेक्षा कमी आला तर ती लाईन बदलायचीच. पाण्याखाली गेलेल्या वायरी मी तर आकडा बरा आला तरी बदला म्हणते.

आता काढायचं कसं. कोरड्या गाळातून जोर लावून ओढू नका, वायर तुटून मधला तुकडा आत राहतो. पुरवठा तोडलेला आहे ना, ते पुन्हा बघा. मग वरच्या बॉक्सकडून नळीने थोडं-थोडं स्वच्छ पाणी सोडा आणि रात्रभर गाळ भिजू द्या. सकाळी वायर पुढे-मागे हलवत राहा, खालच्या तोंडाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम लावा. एक-एक करून वायर काढा, आणि शेवटच्या वायरीला दोरी बांधल्याशिवाय ती काढू नका. दोरी आली की तिच्या मध्यावर सुती चिंधी बांधून पाईपमधून इकडून तिकडे फिरवा. ती माती घेऊन येते, धुऊन पुन्हा फिरवा. चिंधी स्वच्छ आली की ब्लोअरने पाईप पूर्ण वाळवा आणि मगच नवी वायर घाला. एवढं करूनही वायर हलली नाही तर फरशीला हात न लावता तो पाईप सोडून द्या.

तसंही गावभागातल्या तळमजल्याला फरशीखालची वाट मी आता सुचवत नाही. डीबी शक्य तितकी उंच घ्या, लाईन छताकडून खाली उतरवा, सॉकेट चार-पाच फुटांवर घ्या. खाली ठेवावेच लागतील असे एक-दोन सॉकेट वेगळ्या एमसीबीवर आणि वेगळ्या आरसीसीबीवर ठेवा. पुराची सूचना आली की तेवढेच बंद करून वरचा उजेड चालू ठेवता येतो. पाणी घराजवळ आलं की मात्र मेन बंद करूनच बाहेर पडा.

कराड येथील वाचक: *नव्या घराचा स्लॅब पुढच्या आठवड्यात पडतोय. पाईपिंगमध्ये मी काय तपासू?*

बरं झालं आत्ताच विचारलंत, विश्रामबागच्या वाचकांची अडचण तुमच्याकडे इथेच टळते. पाईपचे सगळे जोड सोल्युशन लावून चिकटवलेले आहेत का, हे हाताने ओढून बघा. नुसते दाबून बसवलेले जोड काँक्रीट दाबायचा व्हायब्रेटर लागला की सुटतात आणि सिमेंटचं पाणी आत जातं. फॅन बॉक्सची तोंडं कागदाच्या बोळ्यांनी भरून वर टेप लावा. वळणाला मोठ्या गोलाईचे बेंड हवेत, काटकोनी एल्बो नकोत. दोन बॉक्सच्या मध्ये चारपेक्षा जास्त वळणं येत असतील तर मध्ये बॉक्स घाला. पाईप सेंट्रिंगच्या (स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराच्या) पत्र्यावर टेकलेला नको, खालच्या आणि वरच्या सळयांच्या मध्ये बांधलेला हवा. पाच-सहा पाईप एकत्र जुडी करून नेलेले असतील तर सोडवून अंतर ठेवायला सांगा, कारण त्यांच्यामधून काँक्रीट उतरायला हवं. बीम-कॉलममध्ये नंतर भोकं पाडायची वेळ येऊ नये म्हणून एसी, इन्व्हर्टर, इंटरनेट आणि छतावरच्या सोलरसाठी रिकामे पाईप आत्ताच टाकून घ्या. ते ३२ मिलिमीटरचे असले तर बरे.

स्लॅब टाकण्याआधी मापाची टेप पसरून प्रत्येक खोलीचे फोटो काढा. स्लॅब पडत असताना तुमचा वायरमन वर हजर पाहिजे. घमेली घेऊन जाणाऱ्यांचा पाय पाईपवर पडतो, आणि तेव्हाच तो सरळ करता आला तर येतो. सेंट्रिंग काढलं की गिलाव्याची वाट बघू नका. त्याच आठवड्यात एकूण एक पाईपमधून स्प्रिंग फिरवून घ्या, जो पाईप अडला त्याच्या बॉक्सवर लाल खूण करा आणि गवंडी साइटवर असेपर्यंतच तो दुरुस्त करून घ्या.